आधी मोजा, मग बदला: ऑफ-रोड गाडीच्या कंपनी फिटेड फॉग लाइटचं काम टप्प्याटप्प्याने

पावसाळा तोंडावर आला की थार, जिम्नी, गुरखा बाळगणाऱ्यांची एक धावपळ ठरलेली. दुकानात जायचं, ‘जरा जास्त पावरचे बल्ब द्या’ म्हणायचं, वीस मिनिटांत बसवून घ्यायचे. मग ताम्हिणीत पहिल्याच ढगात शिरल्यावर लक्षात येतं, की आधी निदान रस्त्याची कड तरी दिसत होती, आता समोर नुसती पांढरी भिंत आहे.

फॉग लाइटच्या कामात चुकतो तो क्रम. बल्ब ही शेवटी बदलायची गोष्ट, आणि लोक सुरुवातच तिथून करतात. निम्म्या गाड्यांत नवं काही विकत घ्यावंच लागत नाही, असं माझं आजवर डझनभर गाड्यांखाली पाठ टेकवून झालेलं मत आहे. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. एखाद्या टप्प्यावर काम भागलं, तर तिथेच थांबा.

## पायरी ०: तुम्हाला नक्की काय हवंय ते ठरवा

फॉग लाइटचा झोत रुंद आणि चपटा असतो, वरची कड सुरीने कापल्यासारखी. तो धुक्याच्या खालून, रस्त्यालगत सरकावा आणि डावी-उजवी कड, पांढरी पट्टी, गटार, कठडा दाखवावा, एवढंच त्याच्याकडून अपेक्षित आहे. लांबचं दाखवणं त्याचं काम नाही. धुक्याचे थेंब प्रकाश उलटा तुमच्याच डोळ्यांत फेकतात. झोत वर गेला की जेवढी पावर जास्त तेवढी भिंत जाड. धुक्यात हेडलाइट अप्परला टाकून पाहा, लगेच पटेल.

जंगलवाटेवर रात्री दोनशे मीटर पुढचं दिसायला हवं असेल, तर त्याला वेगळे ड्रायव्हिंग लाइट लागतात. तो विषय निराळा. फॉग लाइटच्या जागी ते बसवू नका, आणि सार्वजनिक रस्त्यावर ते बंद आणि झाकलेलेच ठेवा.

कायद्याचं एकदाच सांगून टाकतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरफारावर बंधनं आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मधल्या तरतुदीनुसार, परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे या लेखातला नियम साधा आहे: जागा कंपनीचीच, स्विच कंपनीचाच, रंग पांढरा किंवा पिवळा, आणि फॉग लाइट हेडलाइटच्या वर कधीच नाही.

## पायरी १: आहे ते तपासा

लागणारं सामान: मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र), टॉर्च, फडकं, वही. मल्टीमीटर साधा चालेल, पण वापरायला शिका. हा पूर्ण लेख त्याच्यावर उभा आहे.

बल्बचा नंबर. लाइटच्या मागे किंवा बल्बच्या बुडावर तो छापलेला असतो. मॅन्युअलमध्येही मिळतो. फॉग लाइटमध्ये हमखास आढळणारे नंबर म्हणजे एच८ (३५ वॅट), एच११ (५५ वॅट) आणि एच१६ (१९ वॅट). तिघे दिसायला सख्खे भाऊ. बुडावरच्या खाचांमध्ये फरक असतो आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो. लाइटच्या ज्या घरात, म्हणजे बाहेरच्या डब्यात, १९ वॅटचा बल्ब बसायचा, त्याचं प्लास्टिक आणि आरसा १९ वॅटच्या उष्णतेसाठीच बनवलेला आहे.

सावधान: ‘कानशीने जरा घासला की एच११ बसतो’ असं सांगणारा कारागीर भेटेलच. हात जोडा आणि निघा. तसाच एच९ नावाचा ६५ वॅटचा बल्बही लोक दडपून बसवतात. एच११ च्या काचेच्या टोकाला काळा लेप असतो, तो थेट पुढे जाणारा प्रकाश अडवतो. एच९ ला तो नसतो. म्हणजे धुक्यात नको असलेला नेमका तोच प्रकाश तुम्ही पैसे देऊन वाढवता.

काच. टॉर्च तिरकी धरून पाहा. पॉलीकार्बोनेटची काच पिवळट, दुधी झाली असेल तर १०००, मग २०००, मग ३००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासोबत फिरवा, पॉलिश करा आणि वर यूव्हीपासून वाचवणारा लेप द्या. लेप नाही दिला तर काच सहा महिन्यांत पुन्हा पहिल्यासारखी. खऱ्या काचेवर खडीचे बारीक खड्डे पडले असतील तर पॉलिशने जात नाहीत, लाइट बदलावा लागतो. आतल्या आरशाचा पारा उडाला असेल तर पुढचं काही करूच नका. त्या घरात कुठलाही बल्ब घातला तरी अंधारच.

व्होल्टेज. ही पायरी शंभरात नव्वद लोक गाळतात.

इंजिन चालू, फॉग लाइट चालू. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर. लाल टोक बॅटरीच्या प्लसवर आणि काळं टोक होल्डरच्या (बल्ब ज्यात बसतो त्या खोबणीच्या) मागच्या बाजूने त्याच्या प्लस पिनला लावा. कपलर (वायरिंगचा जोड) काढायचा नाही, लाइट जळत असतानाच मोजायचं. टोक पोचत नसेल तर जोडवायर लावा. जो आकडा दिसतो, तेवढे व्होल्ट वायरिंगने वाटेत खाल्ले. मग तसंच अर्थचं (बॅटरीच्या मायनसकडे परत जाणाऱ्या वायरीचं) मोजा: एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं होल्डरच्या अर्थ पिनवर. दोन्ही आकड्यांची बेरीज अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर तुमच्या वायरिंगला काही झालेलं नाही. एक व्होल्टच्या वर गेली तर दुखणं सापडलं.

याचं महत्त्व असं, की हॅलोजन (तारेच्या) बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर प्रकाश जवळपास ३० टक्क्यांनी पडतो. गेल्या पावसाळ्याआधी एका मित्राची गाडी आली होती, ‘फॉग लाइट मेणबत्तीसारखे जळतात’ म्हणून. प्लसच्या बाजूला ०.२ व्होल्ट, अर्थच्या बाजूला १.३. अर्थची वायर बंपरच्या मागे ज्या बोल्टला होती, तिथे दोन वर्षांचा चिखल आणि खाली गंज. वायरीच्या टोकाची थिंबल काढली, पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासला, बोल्ट आवळला, वर ग्रीस लावलं. बल्ब तेच जुने, पण प्रकाश जवळजवळ दीडपट. तो पठ्ठ्या येताना एलईडीचा डबा विकत घेऊन आला होता. परत करायला गेला.

तपासणी: वहीत चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात: बल्बचा नंबर, काचेची अवस्था, प्लसकडचा आकडा, अर्थकडचा आकडा. दोन्ही लाइटसाठी वेगवेगळं. त्याशिवाय पुढे जाऊ नका.

## पायरी २: झोताची उंची लावा (हो, आत्ताच)

हे काम सगळे शेवटी करतात, किंवा करतच नाहीत. मी दोनदा करायला सांगतो. एकदा आत्ता, आहे त्या बल्बवर, आणि एकदा काम संपल्यावर. गाडीला लिफ्ट किट (गाडी उंच करणारे भाग) बसवलं असेल, टायर मोठे घातले असतील किंवा मागे रूफ टेंट आणि जेरीकॅन लादले असतील, तर कंपनीने लावून दिलेली उंची कधीच बिघडलेली असते. मागचा भाग दबला की पुढचे लाइट आकाशाकडे बघतात.

जागा सपाट हवी. डोळ्याला सपाट दिसणाऱ्या जागेवर भरवसा ठेवू नका, बाटलीत पाणी घालून जमिनीवर आडवी ठेवून बघा. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमनच्या केबिनची मागची भिंत आहे, ती मी वापरतो. वॉचमनकाका आता स्वतःच चिकटपट्टी घेऊन उभे राहतात.

क्रम असा:

१. टायरमधली हवा नेहमीची करा. टाकी अर्धी. ज्या सामानासह घाटात जाता ते गाडीत, चालकाच्या जागी माणूस बसलेला.

२. गाडी भिंतीला अगदी टेकवून उभी करा. दोन्ही फॉग लाइटच्या केंद्रासमोर भिंतीवर खूण करा आणि त्या खुणांतून आडवी चिकटपट्टी लावा.

३. गाडी सरळ मागे घ्या, लाइट आणि भिंत यांच्यात ५ मीटर येईपर्यंत. टेपने मोजा, पावलांनी नको.

४. पहिल्या पट्टीच्या खाली ७.५ सेंटिमीटरवर दुसरी पट्टी लावा, आणि १० सेंटिमीटरवर तिसरी.

५. संध्याकाळी, हेडलाइट झाकून, एकेक फॉग लाइट पेटवून पाहा. उजेडाची वरची कड दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्टीच्या मध्ये यायला हवी.

६. नसेल तर लाइटच्या मागचा किंवा खालचा समायोजनाचा स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवा. बऱ्याच गाड्यांत तो बंपरच्या खालून हात घातला की लागतो. डावं-उजवं बहुतेक गाड्यांत हलत नाही, फक्त वर-खाली.

७.५ सेंटिमीटर म्हणजे दीड टक्का उतार. लाइट जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल तर त्याची वरची कड सुमारे ४३ मीटरवर रस्त्याला टेकते. १० सेंटिमीटरला तीच ३२ मीटरवर. दाट धुक्यात त्यापलीकडचं तसंही दिसत नाही. आणि ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, हेही त्याच हिशेबात धरा.

सावधान: वरची कड पुसट असेल, उजेड सगळीकडे सांडत असेल, तर स्क्रूने काही होणार नाही. बल्ब वाकडा बसलाय, चुकीचा आहे, किंवा आधीच कुणीतरी हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब घातलाय.

या दोन पायऱ्यांनंतर एक रात्र घाटात जाऊन या. बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं.

## पायरी ३: काय बदलायचं ते निवडा

अजूनही कमी पडत असेल तर वाटा चार. त्यातल्या दोन चांगल्या, एक सोयीची, एक टाळायची.

त्याच नंबरचा नवा, चांगला हॅलोजन बल्ब. जुना बल्ब जळत असला तरी काच आतून काळवंडते आणि प्रकाश कमी होतो. डावा-उजवा जोडीनेच बदला. काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल गरम होऊन काच तिथेच फुटते. लागलंच तर स्पिरिटने पुसून मगच बसवा.

पिवळा रंग. ही सोयीची वाट. पिवळा प्रकाश धुकं ‘भेदतो’ असं सर्रास सांगतात, ते खरं नाही. धुक्याचा थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठा असतो, तो सगळे रंग सारखेच विखुरतो. फरक पडतो तो डोळ्याला. निळसर प्रकाश परत येऊन जास्त टोचतो, तो वगळला की दोन तास घाट चालवून डोळे कमी थकतात. मला स्वतःला पिवळाच आवडतो. पण फिल्म किंवा रंगीत लेप थोडा प्रकाश गिळतो, हे धरून चला. फिल्म लावायचीच तर लेन्स हेअर ड्रायरने हलकी गरम करा, साबणाच्या पाण्यावर फिल्म बसवा आणि कडा लेन्सच्या आत दोन मिलिमीटर ठेवून कापा. कडेपर्यंत नेलेली फिल्म पहिल्याच चिखलात सुटते. केल्विनमध्ये (प्रकाशाच्या रंगाचं माप) बोलायचं तर ३,००० च्या आसपास पिवळा, आणि ६,००० म्हणजे निळसर पांढरा. तो दुकानात भारी दिसतो, घाटात नाही.

पूर्ण एलईडी फॉग लाइट. घर, आरसा, काच, एलईडी सगळं एकत्र बनवलेलं, कंपनीच्याच जागेत आणि बोल्टांवर बसणारं. खर्च करायचा तर माझ्या मते इथेच. काचेवर वर्तुळातलं ‘ई’ आणि आकडा शोधा, आणि त्याजवळ फॉग लाइटची खूण म्हणून इंग्रजी ‘बी’ किंवा ‘एफ३’. तिथे ‘एचआर’ असेल तर तो लांबच्या झोताचा ड्रायव्हिंग लाइट आहे, डब्यावर कितीही मोठ्या अक्षरांत फॉग लिहिलेलं असो. काहीच खूण नसेल तर ठेवून द्या.

हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब. टाळा. हॅलोजनची तार काही मिलिमीटरची असते आणि चहूबाजूंना प्रकाश देते. आरशाचा प्रत्येक वळसा त्या एका बिंदूसाठी आखलेला असतो. एलईडी बल्बमध्ये पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात, त्या बिंदूवर नेमक्या येत नाहीत. भिंतीवर पाहिलं तर कड गायब, मध्ये काळे डाग, वर उजेडाचे शिंतोडे. समोरून येणारा एसटीचा ड्रायव्हर तुम्हाला डिपर मारतो तो त्यामुळे. शिवाय बल्बमागचा पंखा चिखलात किती दिवस फिरेल, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

आणि १०० वॅटचे बल्ब? हे मी केलंय, म्हणून सांगतो. माळशेज उतरताना जळक्या प्लास्टिकचा वास यायला लागला. मला वाटलं, पुढच्या ट्रकचे ब्रेक तापलेत. मोरोशीला टपरीवर थांबून बोनेट उघडलं, काही नाही. चहा घेताना सहज खाली वाकलो तर डावा लाइट बंद, आणि होल्डर व बल्बचं बूड वितळून एकजीव झालेलं. पक्कडीने ओढलं तर निम्मा होल्डर हातात. ५५ वॅटची जोडी ९ अँपिअरच्या आसपास ओढते, १०० वॅटची जवळपास १७. कंपनीची बारीक वायर आणि होल्डर त्यासाठी नव्हतेच. फ्यूजही उडाला नव्हता, कारण बल्ब बसवणाऱ्याने तो आधीच मोठा घालून ठेवला होता. हे मला तेव्हा कळलं.

## पायरी ४: रिलेचं हार्नेस खरंच लागतं का?

रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, आणि हार्नेस म्हणजे त्याच्यासह बॅटरीपासून लाइटपर्यंत नेलेली वायरींची जुडी. आता वहीतले आकडे काढा. पूर्ण एलईडी लाइट घेतला असेल तर जोडी मिळून दोन-तीन अँपिअर ओढते, कंपनीचं वायरिंग त्याला पुरून उरतं. हार्नेस नको. हॅलोजन ठेवला आणि घट अर्ध्या व्होल्टच्या आत असेल, तरीही नको. अर्थ साफ करूनही प्लसच्या बाजूला घट जास्तच राहिली, तरच हे काम करा.

जोडणी अशी (५५ वॅटच्या जोडीसाठी):

१. बॅटरीच्या प्लसवरून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. बॅटरीपासून एक वीतभर अंतरातच १५ अँपिअरचा फ्यूज, पाणी न शिरणाऱ्या होल्डरमध्ये. फ्यूज वायरीला वाचवतो, बल्बला नाही. म्हणून तो बॅटरीजवळ. लाइटजवळ लावलेला फ्यूज म्हणजे दरवाजा उघडा टाकून खिडकीला कुलूप.

२. ती वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला. रिले ४० अँपिअरचा, चार पिनांचा.

३. ८७ नंबरवरून दोन वायरी, प्रत्येक लाइटला एक, १.५ चौरस मिलिमीटरची.

४. ८६ नंबरला कंपनीच्या एका फॉग लाइटच्या कपलरमधला प्लस, ८५ नंबरला अर्थ. म्हणजे डॅशवरचा मूळ स्विच दाबला की रिले ओढतो. वेगळा स्विच नको, डॅशला भोक नको.

५. दोन्ही लाइटचा अर्थ जाड वायरीने बॉडीच्या साफ केलेल्या बोल्टवर, किंवा सरळ बॅटरीच्या मायनसवर.

कंपनीच्या कपलरमध्ये जाणारा जुळता कपलर बाजारात मिळतो. तोच वापरा. मूळ वायर सोलून पीळ मारून टेप गुंडाळण्याचा प्रकार करू नका. वॉरंटीला तोच पुरावा होतो, आणि पहिल्या ओढ्यानंतर त्याच जागी हिरवा गंज चढतो.

सावधान: काही नव्या गाड्यांत लाइटचा करंट कंप्युटरमधून चालू-बंद अशा झटक्यांनी जातो. रिले लावल्यावर ‘टरररर’ आवाज आला तर तेच आहे. ताबडतोब बंद करा, ती गाडी तुमच्या-माझ्या हातची नाही. तसंच डॅशवर बल्बचा इशारा पेटला तरीही थांबा.

## पायरी ५: काढणं आणि बसवणं

इथे मॉडेलप्रमाणे फरक आहे, म्हणून थोडक्यात. बॅटरीचा मायनस काढा. इंजिन थंड. चाक पूर्ण वळवलं की बहुतेक गाड्यांत चाकावरच्या प्लास्टिक अस्तराच्या दोन-तीन क्लिपा काढून लाइटच्या मागे हात जातो, पूर्ण बंपर उतरवावा लागत नाही. जुन्या क्लिपा तुटणारच, सहा जास्तीच्या आणून ठेवा. कपलर वायर धरून ओढू नका, लॉक दाबून सोडवा. बोल्ट प्लास्टिकच्या कानांत असतात, हाताने आवळून वर पाव फेरा पुरे.

बाजारातला स्टीलचा बंपर बसवलेला असेल तर लाइट त्यात घट्ट बसलाय का ते हलवून बघा. अनेक बंपरमध्ये तो नुसता पत्र्याच्या पट्टीवर टांगलेला असतो आणि खड्ड्यात झोत नाचतो. रबरी वॉशर घालून दोन बाजूंनी पकडा.

वायर नेताना रेडिएटरचा पंखा, सायलेन्सरचा पाइप आणि टर्बोपासून लांब. वर जाळीदार स्लीव घाला. दर वीतभर अंतरावर केबल टाय. रिले उंचावर, बॅटरीच्या बाजूला, पिना खालच्या दिशेने. कपलरमध्ये शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या टोकाला गळून पडेल, कपलरमध्ये जाणार नाही.

तपासणी: मायनस जोडा, लाइट दहा मिनिटं चालू ठेवा आणि फ्यूज होल्डर, रिले, कपलर यांना एकेक करून बोट लावा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर ती जोडणी सैल आहे किंवा वायर बारीक. आता पायरी १ चे व्होल्टचे आकडे पुन्हा घ्या आणि जुन्यांशेजारी लिहा. फरक दिसला नाही, तर काम झालं नाही, दिसायला हार्नेस कितीही सुबक असो.

## पायरी ६: पुन्हा भिंत

पायरी २ संपूर्ण, पुन्हा एकदा. लाइट घरातून काढून बसवला की उंची बदलतेच. डावा-उजवा वेगळा निघाला तर आधी बोल्ट बघा, मग स्क्रू.

## पायरी ७: पाणी

थारची पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनी ६५० मिलिमीटर सांगते. बंपरमधला लाइट साधारण त्याच उंचीच्या आसपास असतो आणि पुढची लाट त्याच्यावरच येते. म्हणजे ओढ्यात लाइट बुडणार, हे धरूनच काम करा.

लाइटच्या मागे एक छोटी नळी किंवा टोपी असते. ती हवा आत-बाहेर जाण्यासाठी आहे. ‘पाणी जाऊ नये’ म्हणून लोक तिच्यात सिलिकॉन भरतात आणि मग आत जमलेली वाफ कधीच बाहेर पडत नाही. ती उघडीच ठेवा, फक्त चिखलाने बुजली असेल तर साफ करा. सील म्हणून होल्डरची रबरी रिंग तपासा, कोरडी किंवा चिरलेली असेल तर बदला. कपलरच्या पिनांवर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात.

एलईडीची एक खोड इथे सांगायला हवी. हॅलोजन स्वतःच्या उष्णतेने आतला दमटपणा वाळवतो. एलईडीची काच थंडच राहते. त्यामुळे थोडी धूसर वाफ जास्त वेळ टिकते, आणि लाहौल-स्पितीकडे जाणार असाल तर काचेवरचा बर्फही वितळत नाही, हाताने पुसावा लागतो.

सावधान: हॅलोजन लाइट अर्धा तास जळत असताना गाडी थेट थंड ओढ्यात घालू नका. काच तडकते. काठावर थांबा, लाइट बंद करा, पाच मिनिटं पाण्याची खोली बघण्यात घालवा. ती तशीही बघायचीच असते.

घरी चाचणी सोपी आहे. साध्या नळीने (प्रेशर वॉशर नको) दहा मिनिटं लाइटवर पाणी सोडा, मग लाइट बंद ठेवून रात्रभर गाडी उभी ठेवा. सकाळी काचेवर पसरलेली हलकी वाफ असेल आणि लाइट लावल्यावर ती विरली, तर ठीक. खाली थेंब साचले असतील तर लाइट काढून रिंग पुन्हा बसवा.

## पायरी ८: पहिले २०० किलोमीटर

धुकं मिळालं की हेडलाइट डिपरवर आणि फॉग चालू करून पाहा. मग सुरक्षित जागी थांबून पुढे वीस पावलं चालत जा आणि गाडीकडे तोंड करून उभे राहा. डोळे मिटावेसे वाटले तर झोत अजून वर आहे. धुकं सरलं की फॉग बंद. ओल्या डांबरावर त्याचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत परावर्तित होतो.

२०० किलोमीटरनंतर, त्यातलं निदान पाच-दहा खडकाळ वाटेवरचं, पुन्हा गाडीखाली जा. लाइटचे बोल्ट, अर्थचा बोल्ट, बॅटरीवरची थिंबल, केबल टाय हाताने हलवून बघा. अर्थचा बोल्ट मला तरी दर वेळी किंचित सैल सापडलाय. आवळा, वर ग्रीसचा एक हात द्या आणि वहीत किलोमीटरचा आकडा टाका. पुढच्या मे महिन्यात पुन्हा याच बोल्टपासून सुरुवात करायची आहे.